गुरुजींनी पुन्हा 'ना'वर का बसवलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरी करणारा एक तरुण दोन वर्षं व्हिडिओ पाहून घरी तबला शिकला. तीसेक कायदे (ठरावीक बोल घेऊन वाढवत नेायच्या रचना), काही रेले (वेगात वाहणाऱ्या बोलांच्या रचना), बऱ्याच तिहाया (तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणायचे तुकडे) त्याच्या वहीत आहेत आणि हातातही आहेत. एका भजनाच्या कार्यक्रमात साथीला बसला आणि दुसऱ्याच अंतऱ्यात ठेका (तालाचे ठरलेले, फिरून फिरून येणारे बोल) सुटला. मग त्यानं गुरू केले. आता चार महिने झाले, गुरुजी फक्त 'ना', 'तिट', 'तिरकिट' हे बोल (तबल्यावरच्या आघातांची नावं) आणि त्रितालाचा ठेका एवढंच घेत आहेत. हे बरोबर चाललंय का आणि किती दिवस चालायचं? तोवर व्हिडिओवरून नवे कायदे शिकत राहू का? परीक्षेला बसू का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तुमचे गुरुजी बरोबर करत आहेत. मी बरीच वर्षं शिकवतोय आणि साथही करतोय. व्हिडिओवरून शिकलेला हात समोर आला की मलाही तिथूनच सुरुवात करावी लागते. पण तुमचा प्रश्न मला रास्त वाटतो. हे का करायचं ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, आणि कारण कळलं नाही की चार महिने चार वर्षांसारखे वाटतात.

कायदे आज कुठेही मिळतात. छापील पुस्तकांत आहेत, व्हिडिओंत आहेत, जुन्या उस्तादांच्या ध्वनिमुद्रणांत आहेत. एके काळी एखादी खानदानी गत (बांधलेली रचना) मिळवण्यासाठी शिष्य वर्षानुवर्षं सेवा करायचे, तेव्हा गुरू हाच त्या विद्येचा एकमेव साठा होता. ते दिवस गेले. आज गुरूकडून घ्यायची गोष्ट म्हणजे त्याचा कान. तुम्ही वाजवत असताना तुम्हाला जे ऐकू येत नाही ते त्याला येतं. रोज आपलाच हात ऐकून आपला कान त्या आवाजाला सरावतो आणि दोष त्याला दोष वाटेनासा होतो. व्हिडिओतला कलाकार कितीही मोठा असला तरी त्याला तुमचा हात दिसत नाही.

आता 'ना' जवळून बघू. तर्जनी चाटेवर (चामड्याच्या कडेच्या पट्टीवर) पडते, अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या थराच्या) कडेवर हलकी टेकलेली असते आणि मधलं बोट वर असतं. टेकलेली अनामिका नुसती आधाराला नसते. पुडीचा, म्हणजे त्या चामड्याचा, जो सर्वांत खालचा, पसरट कंप असतो तो ती दाबून धरते, म्हणून वरचा बांधीव सूर मोकळा होतो आणि 'ना' टणत्कारासारखा निघतो. शाईच्या थरामुळे आपल्या तालवाद्यांना हा सूर कसा मिळतो याचा अभ्यास सी. व्ही. रामन यांनी केला होता. १९२० मध्ये त्यावरचा त्यांचा शोधनिबंध आला आणि १९३४ मध्ये त्यांनी पुन्हा सविस्तर लिहिलं. साध्या ताणलेल्या चामड्याचे कंप एकमेकांशी सुरात जुळत नाहीत. मधे शाई चढवली की ते जुळतात. कारागिरांनी हे शतकांपूर्वी हातानं साधलं होतं. पण शाईनं दिलेला सूर बाहेर काढायचं काम त्या अनामिकेचं आहे. ती जरा उचलली की खालचा कंप मधे घुसतो आणि 'ना' गढूळ होतो. ती जास्त दाबली की सूर मरतो आणि नुसता ठोका उरतो. योग्य दाब सांगून कळत नाही, मोजूनही कळत नाही. कुणीतरी समोर बसून 'हं, हा!' म्हणावं लागतं, आणि पुढच्या तीन ठोक्यांत तो बिघडला की लगेच थांबवावं लागतं. तुमच्या व्हिडिओत अनामिका कुठे टेकते ते दिसलं असेल, पण ती किती टेकते ते कॅमेऱ्याला दाखवता येत नाही.

'तिरकिट'चं दुखणं वेगळं आहे. चार अक्षरांतली तीन उजव्या हाताची. 'ति' मधल्या बोटानं आणि अनामिकेनं, 'र' तर्जनीनं, 'कि' डाव्या तळव्यानं डग्ग्यावर (जोडीतल्या डाव्या, खर्जाच्या वाद्यावर) बंद आणि 'ट' पुन्हा उजव्या हाताच्या त्याच दोन बोटांनी. (काही परंपरांत 'ति' एकट्या मधल्या बोटानं वाजतो. तुमच्या गुरुजींचा जसा असेल तसाच घ्या.) यात तर्जनी एकटी पडते. एकट्यानं शिकणारे बहुतेक जण घाईत 'तिर' एकत्र उरकतात, मग 'कि'च्या आधी बारीकशी फट राहते. बराबरीत (मूळ लयीत) ती फट ऐकूही येत नाही. दुगुनमध्ये (दुप्पट लयीत) बोल जरा खरखरीत वाटतो आणि चौगुनला (चौपट लयीत) गेलात की पूर्ण रेला लंगडतो. तुम्हाला वाटतं वेग कमी पडतोय, म्हणून तुम्ही वेगाचा रियाज करता आणि ती फट आणखी पक्की करता. जाणकार कानाला ती बराबरीतच ऐकू येते. म्हणूनच गुरुजी तुम्हाला बराबरीत ठेवून बसलेत. यावर एक उपाय माझ्या अनुभवात लागू पडतो. 'तिरकिट' सलग वाजवताना वजन एकदा 'ति'वर, मग काही आवर्तनं 'र'वर, मग 'कि'वर, मग 'ट'वर द्यायचं. 'र'वर वजन देताना बहुतेकांची पंचाईत होते, आणि नेमकं कुठे अडतंय ते तेव्हाच स्वतःला कळतं. गुरुजींना विचारून करून बघा.

किती दिवस, याला महिन्यांत उत्तर नाही. नवा हात बसवायला लागतो त्यापेक्षा बसलेला हात मोडून पुन्हा बसवायला जास्त वेळ लागतो, आणि तुमचं हे दुसरं काम चालू आहे. पण एक कसोटी देतो. लेहरा (तालाचं आवर्तन दाखवत सतत फिरणारी धून) लावून मध्यलयीत त्रितालाचा साधा ठेका पंधरा मिनिटं वाजवा आणि फोनवर रेकॉर्ड करा. लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. पहिल्या मिनिटातला 'ना' आणि चौदाव्या मिनिटातला 'ना' एकसारखा आहे का? डग्गा जोडीला आला की उजवा हात बिघडतो का? 'धा तिं तिं ता'ला डग्गा बंद होऊन पुढच्या 'ता धिं धिं धा'त तो पुन्हा उघडतो, ते अंधारात ऐकणाऱ्यालाही कळेल इतकं स्वच्छ आहे का? हे जमायला लागलं की गुरुजी आपणहून पुढे नेतील. नाही नेलं तर विचारा.

विचारायचं कसं, हेही शिकण्यातलंच आहे. 'पुढचं कधी देणार?' असं विचारलं की शिकवणाऱ्याला वाटतं या पोराला वही भरायची आहे. त्याऐवजी म्हणा, 'गुरुजी, माझ्या तिरकिटमध्ये नेमकं काय कमी पडतंय? एकदा माझ्यासारखं वाजवून दाखवता का, आणि मग कसं हवं ते?' दोष मुद्दाम वाजवून दाखवणं ही शिकवणाऱ्याची फार मोठी ताकद असते. एकदा तो दोष त्यांच्या हातून ऐकलात की स्वतःच्या हातातही ऐकू यायला लागतो. गुरूचा कान थोडा थोडा तुमच्याकडे येतो तो असा.

इथे तुमच्या गुरुजींशी माझा थोडा मतभेदही नोंदवतो, त्यांना न भेटता जेवढा नोंदवता येईल तेवढा. चार महिने नुसते सुटे बोल थोडे जास्त होतात. त्याच बोलांचा एखादा कायदा सोबत असावा, म्हणजे सुधारलेला बोल लगेच वाक्यात बसतो. दिल्ली घराण्याचा 'धाधा तिट धाधा तिंना, ताता तिट धाधा धिंना' हा तुमच्या तीसांत असणारच. तोच गुरुजींकडे घेऊन जा आणि म्हणा, हा माझ्याकडून पुसून पुन्हा शिकवा. दिसायला सोपा आहे, पण अख्खी खाली-भरीची (डग्गा मिटलेला भाग आणि उघडा भाग यांची) समज त्यात आहे. पहिली ओळ 'तिंना'वर संपते तिथेच डग्गा मिटतो, म्हणजे खाली येण्याआधीच खालीची चाहूल लागते. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर 'धाधा' आलं की डग्गा पुन्हा उघडतो आणि 'धिंना' तुम्हाला समेपर्यंत पोचवतं. कागदावरून शिकलेला विद्यार्थी 'तिंना' आणि 'धिंना' एकाच वजनानं वाजवतो. अक्षरं बरोबर असतात, पण कायदा उभा राहत नाही. मग पलटे, म्हणजे कायद्याचेच बोल फिरवून केलेले विस्तार. 'धाधा तिट धाधा तिट, धाधा तिट धाधा तिंना, ताता तिट ताता तिट, धाधा तिट धाधा धिंना' हा पहिला. यापुढचे दोन-तीन तुम्ही स्वतः बांधायचे, बाहेरचा एकही बोल न घेता आणि खाली-भरी न मोडता. ते गुरुजींसमोर वाजवा. कुठला टिकतो आणि कुठला नाही, आणि का, यावरच्या दहा मिनिटांच्या बोलण्यातून जे कळतं ते दहा नव्या कायद्यांतून कळत नाही.

व्हिडिओवरून नवे कायदे घेऊ का, याचं उत्तर यातच आलं: सध्या नको. कारण सोवळ्याचं नाही, बोटांचं आहे. दिल्लीच्या बाजात (वादनशैलीत) 'तिट' दोन बोटांत वाजतो, पूरबच्या (लखनौ-बनारसकडच्या) हातात 'ति'ला जास्त बोटं येतात. एकाच 'तिट'साठी सकाळी एक निकास (बोल काढायची पद्धत) आणि रात्री दुसरा, असं केलं की वेगात हात गोंधळतोच. ऐकायला मात्र काहीही बंदी नाही. भरपूर ऐका, सर्व घराण्यांचं ऐका. तुमचे गुरुजी इतरांचं ऐकूही नका म्हणत असतील तर ते मला पटणार नाही.

घराण्यांचा इतिहासही हेच दाखवतो. अजराड्याचे कल्लू खाँ आणि मीरू खाँ दिल्लीच्या परंपरेत शिकले. ते शिक्षण पुरं झाल्यावर त्यांच्या गावाच्या नावानं स्वतंत्र घराणं उभं राहिलं, तिस्र जातीतले (तीन-तीनच्या लयीतले) कायदे आणि डग्ग्याचं बोलकं काम घेऊन. बनारसचे राम सहाय लखनौच्या मोदू खाँकडे शिकले, आणि नंतर बनारसचा बाज लखनौपासून वेगळा झाला. आपल्याकडे मुंबईत अमीर हुसेन खाँसाहेबांनी (१८९९–१९६९) कितीतरी शिष्य घडवले. पंढरीनाथ नागेशकर, निखिल घोष, अरविंद मुळगावकर ही त्यातली ठळक नावं. निखिल घोष तर अहमदजान थिरकवाँ खाँसाहेबांकडे आणि ज्ञानप्रकाश घोष यांच्याकडेही शिकले. म्हणजे एकापेक्षा जास्त गुरू करू नयेत असा काही नियम नाही. पण एक हात बसल्यानंतर दुसऱ्याकडे जाणं वेगळं, आणि हात बसायच्या आधीच दोन दगडांवर पाय ठेवणं वेगळं.

आता त्या भजनाकडे येतो, कारण माझ्या मते तुमचं खरं दुखणं तिथे आहे. ठेका सुटला तो हात कच्चा होता म्हणून नव्हे. तीस कायदे वाजवणाऱ्याला भजनातला साधा केरवा ताल वाजवता येतोच. तुम्ही दोन वर्षं ॲपच्या लेहऱ्याबरोबर वाजवलंत. लेहरा कधी श्वास घेत नाही, शब्दावर रेंगाळत नाही, भावात येऊन किंचित पुढे सरकत नाही. गायिका हे सर्व करते, आणि समेला नेमकी परत येते. तिच्या बोलण्यातली लय ओळखून तिला जागा द्यायची आणि तरीही मात्रा ढळू द्यायची नाही, हे एकट्यानं खोलीत बसून येत नाही. अहमदजान थिरकवाँ स्वतंत्र वादनाचे बादशहा, पण त्यांनीही गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांना वर्षानुवर्षं साथ केली. सुरेश तळवलकर पंढरीनाथ नागेशकर आणि विनायकराव घांग्रेकर यांच्याकडे तबला शिकले, आणि लयीची दृष्टी त्यांना गजाननबुवा जोशींसारख्या गवयाकडूनही मिळाली. तबलजीला गाण्याच्या शेजारी बसावंच लागतं.

म्हणून गुरुजींना एक विनंती करा: त्यांच्या साथीच्या तालमींना मला नुसतं बसू द्या. तबला न्यायचा नाही. टाळी-खाली हातावर धरायची आणि गुरुजी कुठे काय करत नाहीत ते बघायचं. हो, करत नाहीत ते. अंतऱ्याचा शब्द चालू असताना ते लग्गी (ठेक्याच्या जागी भरायचे चपळ बोल) आवरतात, गायिका समेआधी थांबली की ठेक्यातला डग्गा हलका करतात, तिनं तान घेतली की जागा सोडतात. हे ते बहुधा कधीच शब्दांत सांगणार नाहीत, कारण ते त्यांच्या हाताला माहीत आहे. तुम्ही परतताना रस्त्यात विचारलंत, 'त्या दुसऱ्या कडव्यात तुम्ही एकदम साधा ठेका का धरलात?' की मग उत्तर मिळतं. माझा अनुभव असा की शिष्यानं असा नेमका प्रश्न विचारला की शिकवणारा खुलतो. इतर विद्यार्थ्यांच्या शिकवणीलाही थांबता आलं तर थांबा. दुसऱ्याच्या हातातला दोष पकडायला लागलात की समजा कान तयार होतोय.

दोन शिकवण्यांमधल्या दिवसांत काय करायचं त्याबद्दल. रविवारी चार तास आणि आठवडाभर काही नाही, यापेक्षा रोजचा पाऊण तास कितीतरी बरा. चाळीस दिवसांच्या चिल्ल्याच्या (व्रतासारख्या अखंड रियाजाच्या) गोष्टी वाचून नोकरी करणाऱ्यानं अचानक पाच-सहा तास बसू नये, मनगट आणि खांदा धरतो. दुखत असेल तर गुरुजींना तुमची बैठक बघायला सांगा. बरेचदा तबला फार उंच किंवा फार तिरका ठेवलेला असतो आणि उजवा खांदा नकळत कानाकडे चढलेला असतो. रियाजाची सुरुवात पढंतनं करा: हातानं टाळी देत, तोंडानं बोल स्पष्ट म्हणायचे. जे तोंडातून लयीत येत नाही ते बोटांतून येत नाही, आणि पढंत ऑफिसला जाता-येता मनातही होते. शिकवणी झाल्यावर घरी येऊन आठवणीतून वही लिहा. तिथल्या तिथे लिहायला लागलात की डोळे कागदावर राहतात आणि गुरुजींचा हात बघायचा राहून जातो. रेकॉर्डिंग करायचं असेल तर परवानगी घ्या आणि ते पुढे कुणाला पाठवू नका.

कधी ऑनलाइन शिकवणी घ्यावी लागली तर एवढं सांभाळा. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे दोघांनी एकत्र वाजवणं शक्य नाही. आळीपाळीनं वाजवा. कॅमेरा समोरून नको. बाजूनं, थोडा वरून, दोन्ही हात दिसतील असा लावा. आणि ॲपमधली गोंगाट कमी करणारी सोय बंद करा, झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा. नाहीतर डग्ग्याचा घुमारा ॲपला गोंगाट वाटतो आणि ते तो खाऊन टाकतं. मग गुरुजी बिचारे तुमचा डग्गा दुरुस्त करत बसतात आणि बिघाड असतो फोनमध्ये.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. गुरूवर श्रद्धा हवी, हे मी मनापासून मानतो. माझे गुरू खोलीत आले की आजही मी उठून उभा राहतो. पण श्रद्धेच्या नावाखाली कुणी चारचौघांत अपमान करत असेल, हात उगारत असेल, घरकामाला जुंपत असेल, शिकवणीच्या बाहेर पैसे मागत असेल किंवा एकांताचा गैरफायदा घेत असेल, तर ते शिक्षण नव्हे. तिथून निघून यावं, आणि पाप लागेल अशी भीती बाळगू नये. कठोर गुरू आणि वाईट गुरू यांतला फरक ओळखायची माझी एक पद्धत आहे: त्यांच्याकडे दोन-तीन वर्षं शिकलेल्या मुलांचे हात बघा. प्रत्येकाला वेगळा दोष सांगितलेला आणि प्रत्येकाचा हात सुधारलेला दिसला, तर ओरडा सहन करण्यासारखा आहे. सर्वांना तेच तेच सांगितलं जातंय आणि सगळे तिथेच अडकलेत असं दिसलं, तर गुरूचं नाव कितीही मोठं असलं तरी उपयोग नाही. सोडायचं ठरलं तर न सांगता गायब होऊ नका. समोर जाऊन सांगा. गंडाबंधनाची (गुरूनं धागा बांधून रीतसर शिष्य करून घेण्याची) घाईही करू नका. ते दोघांनाही एकमेकांची खात्री पटल्यावरचं बंधन आहे.

राहिली परीक्षा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षांनी असंख्य घरांत संगीत पोचवलं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा घराण्याबाहेरच्या सामान्य माणसाला पद्धतशीर शिकायला मिळणं ही केवढी मोठी गोष्ट होती! परीक्षेमुळे ताल, लयकारी, लिपी यांचा अभ्यास शिस्तीत होतो, आणि अनोळखी माणसासमोर वाजवायची सवय लागते. तुम्हाला तिचा फायदा होईल. पण अभ्यासक्रमात कायद्यांची यादी असते, आणि तुमचा स्वभाव यादी पुरी करण्याचा आहे, तो तुमच्या प्रश्नातच दिसतो. म्हणून या सत्राला बसू नका. आधी तो 'धाधा तिट' गुरुजींना पसंत पडेल असा वाजू दे, एखाद्या गायकासोबत तासभर नुसता ठेका धरून बसणं जमू दे. मग कुठल्या परीक्षेपासून सुरुवात करायची ते गुरुजींनाच ठरवू द्या. त्यांनी सांगितलेली पायरी तुमच्या अपेक्षेपेक्षा खालची असली, तरी फॉर्म तोच भरा.